प्लास्टिकच्या खुर्चीत म्हणे डिझाइनच नाही!

घरोघरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय. प्लास्टिकचं फर्निचर म्हणजे डिझाइनचा गंध नसलेला स्वस्त माल, खुर्चीच्या पाठीला आणि स्टुलाला भोकं ठेवतात ती प्लास्टिक वाचवायला, वर्षभरात ते तडकणारच, मोडलं की थेट कचऱ्यात. तेव्हा घरात फर्निचर असावं तर लाकडाचंच! उचलली जीभ लावली टाळ्याला.

‘डिझाइनचा गंध नाही’ हा त्यातला सगळ्यात पोकळ दावा. डेन्मार्कच्या व्हेर्नर पँटनने मागचे पायच नसलेली, एकसंध वळणाची खुर्ची १९६०च्या सुमारास आखली. विट्रा कंपनीने ती बाजारात आणली १९६७ साली. आधी फायबरग्लास, मग पॉलियुरेथेन, मग पॉलिस्टायरिनच्या जातीचं प्लास्टिक. ते टिकेना, म्हणून १९७९मध्ये उत्पादन थांबलं. पॉलिप्रोपिलिनमध्ये, म्हणजे आपल्या साध्या खुर्च्यांच्याच प्लास्टिकमध्ये, ती निघाली थेट १९९९ साली. आकार ठरला होता, त्याला पेलणारं प्लास्टिक सापडायला जवळजवळ चाळीस वर्षं गेली.

‘ती श्रीमंतांची खुर्ची, आमच्या गॅलरीतलीचं काय?’ गॅलरीतलीच घ्या आणि उलटी करा. पाय भरीव नाही. पातळ पत्रा कोनात दुमडावा तसा आहे. त्या दुमडीनेच त्याला ताकद येते. भरीव केला असता तर साच्यात थंड व्हायला वेळ लागला असता आणि थंड होताना वर खड्डे पडले असते. पाय खाली निमुळते आणि बाहेर फाकलेले आहेत, कारण खुर्ची साच्यातून सुटली पाहिजे आणि एकीवर एक रचताही आली पाहिजे. बैठकीखाली पट्ट्या उभ्या केल्यात, त्या वजन पेलायला. हात, पाठ, पाय सगळं एकाच ओतीत. स्क्रू नाही, सांधा नाही. फ्रान्सच्या आंरी मासोनेने याच घराण्यातली आरामखुर्ची १९७२मध्ये काढली, तेव्हा एक खुर्ची दोन मिनिटांच्या आत तयार होत होती. हे सगळं आपोआप जुळून आलं म्हणायचं?

भोकांचं म्हणाल तर थोडं प्लास्टिक वाचतं, खरंय. पण भोकाशिवायचे स्टूल एकात एक घट्ट बसले की आत हवा शिरायला जागा राहत नाही, वरचा ओढून काढताना नाकी नऊ येतात. शिवाय भोकात बोट घालून स्टूल उचलताही येतो. इटलीच्या जो कोलंबोने साठच्या दशकात कार्टेल कंपनीसाठी केलेल्या खुर्चीच्या पाठीलाही असंच भोक आहे. ते उचलायला सोयीचं, आणि खुर्ची साच्यातून काढायलाही. तिथे काटकसर कुणाला दिसत नाही, कारण किंमत मोठी!

‘तडकणारच’ यात मात्र तथ्य आहे, फक्त निदान चुकलंय. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिप्रोपिलिन ठिसूळ होतं. गच्चीवरच्या जुन्या खुर्चीवर हात फिरवला की पांढरी भुकटी लागते, ती त्याचीच खूण. ऊन सोसण्यासाठी, ज्या प्लास्टिकच्या दाण्यातून खुर्ची ओततात त्या दाण्यात रसायन मिसळावं लागतं; स्वस्त मालात ते हात राखून घालतात आणि वर खडूची भुकटी सढळ हाताने. अशी खुर्ची पावसापाण्यात, उन्हात ठेवली तर पाय मोडणारच. घरात सावलीत असलेली चांगल्या दाण्याची खुर्ची वर्षानुवर्षं चालते. घेताना काठावर दाबून बघा, पाय किती फाकतात तेही बघा. दुकानदाराच्या तोंडी वॉरंटीपेक्षा तेवढं पुरे. लाकडाला वाळवी, पाणी आणि पॉलिश यांचा जाच आहेच, पण त्याबद्दल फॉरवर्डमध्ये चकार शब्द नाही.

राहिला कचरा. पॉलिप्रोपिलिन वितळवून पुन्हा वापरता येतं. खुर्चीच्या खाली छापलेल्या त्रिकोणात ५ आकडा दिसला तर खुर्ची त्याचीच. भंगारवाला मोडकी खुर्ची वजनावर घेतो ती काही दया म्हणून नव्हे. अडचण वेगळीच आहे: रंग आणि भेसळ मिसळली की त्या दाण्यातून पुन्हा पांढरीशुभ्र खुर्ची निघत नाही. म्हणून असा माल बहुधा काळ्या, चॉकलेटी किंवा गडद रंगात खपवतात, आणि आपण मात्र दुकानात पांढरीच मागतो.