पाळण्यातले पाय, प्लॅस्टिकच्या पाकिटात

म्हातारपणासाठी चार पैसे गाठीला बांधायचे म्हणून लोक सोनं घेतात, फ्लॅट घेतात, म्युच्युअल फंडात महिन्याचा हप्ता लावतात. भित्र्यांची कामं ही. तुम्ही अमेरिकेत राहत असाल, अंगात थोडी रग असेल आणि घरात एखादं कपाट रिकामं असेल, तर अठरा-एकोणीस वर्षांच्या एखाद्या अनोळखी पोराच्या कोपरावर पैसे लावा. सोप्या भाषेत, मायनर लीग बेसबॉलच्या खेळाडूंची फोटो छापलेली कार्डं जमवा.

मायनर लीग म्हणजे रणजीच्याही खालच्या चार-पाच पायऱ्या समजा. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए असं चढत गेलं की वर मेजर लीग. २०२१ पासून मेजर लीगशी जोडलेले असे १२० संघ आहेत आणि त्यांची नावं मॉन्टगोमेरी बिस्किट्स, अमॅरिलो सॉड पूडल्स, जॅक्सनव्हिल जम्बो श्रिम्प अशी. बालवाडीच्या स्नेहसंमेलनाची यादी वाचतोय असं वाटेल. हसू नका, तुमची पुंजी बिस्किटांत आहे. मैदानावरच्या दुकानात संघाच्या पंचवीस-तीस कार्डांचा सीलबंद गठ्ठा मिळतो. त्यात खेळाडू, प्रशिक्षक, पाय चोळून देणारा ट्रेनर आणि एक मॅस्कॉट, म्हणजे संघाचं सोंग घेतलेला बाहुला, असतो. या गठ्ठ्यात खात्रीचं भविष्य एकट्या मॅस्कॉटचं, कारण त्याचं कोपर कधी दुखत नाही. पण त्याला कोणी विचारत नाही.

आता भावी तारा ओळखायचा कसा? मुलाचे पाय पाळण्यात दिसतात असं आपली आजी फुकटात सांगायची. इथे त्याला प्रॉस्पेक्टिंग म्हणतात आणि पाय बघायचे पैसे पडतात. पुढे मोठा तारा झालेल्या माइक ट्राउटचंच घ्या. २००९च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवी पोरं उचलतात त्यात, त्याचा नंबर पंचविसावा. त्याच्या आधी चोवीस पोरं उचलली गेली, आणि चोविसावा उचलला तो खुद्द एंजल्स संघाने, म्हणजे ज्यांनी लगेच पुढच्या नंबरला ट्राउटला घेतलं त्यांनीच. थोडक्यात, ज्यांचा हा धंदा आहे त्यांनाही तो पहिल्या हाकेत दिसला नाही. तुम्हाला मात्र दिसला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. त्याच वर्षीचं त्याच्या सहीचं, जगात एकच प्रत असलेलं बोमन छापाचं कार्ड कोणीतरी २०१८मध्ये सुमारे चार लाख डॉलरना घेतलं आणि २०२०मध्ये ते ३९ लाख ३६ हजारांना गेलं. हा आकडा घरी जेवताना सहज बोलता बोलता सांगा. नंतर लगेच भाजीचं कौतुक करून विषय बदला.

कारण पुढचा प्रश्न, बाकीच्या पोरांचं काय झालं, हा ब्रायन टेलरपाशी येऊन थांबतो. १९९१च्या ड्राफ्टमध्ये यांकीज संघाने सगळ्यात पहिला उचललेला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, करारावर सही करण्याचेच साडेपंधरा लाख डॉलर. १९९३च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा डावा खांदा गेला. मेजर लीगमध्ये त्याने एकही चेंडू टाकला नाही. त्याची कार्डं ज्यांनी गठ्ठ्यांनी घेऊन ठेवली, त्यांच्या घरी ती अजून सुस्थितीत असतील. या छंदात वस्तू सुस्थितीत राहते, माणसाची खात्री नसते.

उलट माइक पियाझा. १९८८च्या ड्राफ्टची बासष्टावी फेरी, १३९०वा नंबर, तोही डॉजर्सचे मॅनेजर टॉमी लसोर्डा वडिलांचे मित्र होते म्हणून. तो २०१६मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेला. तेव्हा स्काउटांचे, म्हणजे पोरं हेरत फिरणाऱ्यांचे, अहवाल वाचण्यात रात्री घालवू नका. पोराचे वडील कोणाबरोबर चहा पितात तेवढं काढा. आपल्याला ही विद्या शिकवावी लागत नाही.

कार्डाच्या मागे सगळी आकडेवारी छापलेली असते, कोपराच्या आतलं काहीच नसतं. १९७४मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या कोपरात दुसरीकडची कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी, आणून बसवली, तेव्हापासून त्या ऑपरेशनला त्याचंच नाव पडलं. ते झालं की पोरगं वर्ष-सव्वा वर्ष बाहेर. म्हणून सकाळी देवापुढे हात जोडताना मुलाबाळांच्या बरोबरीने ज्याची कार्डं घेतली त्या अलाबामातल्या पोराच्या डाव्या कोपराचंही नाव घ्यायचं. ही आमच्या घरी कुचेष्टेची बाब आहे, पण कुलदैवताने अजून हरकत घेतलेली नाही.

खेळाडूंच्या पगाराचा २०२३चा नवा करार होईपर्यंत सिंगल-एच्या पोराला वर्षाला किमान अकरा हजार डॉलर मिळत. त्या कराराने तो आकडा २६,२०० झाला. त्याच पोराचं एखादं चमचमतं रिफ्रॅक्टर कार्ड त्याच्या वर्षाच्या पगाराहून महाग विकलं जाऊ शकतं, आणि त्यातला छदामही त्याच्या ताटात पडत नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. वाईट वाटलं तर कार्ड विकावंसं वाटतं, आणि नेमके तेव्हाच भाव पडलेले असतात.

घेतलेल्या कार्डाला हात लावायचा नाही, हे सांगायला नकोच. आधी पातळ पाकीट, मग कडक टॉपलोडर, मग ते ग्रेडिंगला पाठवायचं. तिथले लोक भिंगातून कोपरे तपासून दहापैकी गुण देतात आणि जाड प्लॅस्टिकच्या लादीत कार्ड कायमचं बंद करून परत पाठवतात. दहा पडले तर दिवाळी. नऊ पडले तर कोपऱ्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारं काहीतरी आहे असं समजायचं आणि ते रात्रभर शोधायचं.

राहिली सही. सामन्याच्या तासभर आधी, खेळाडू बसतात त्या डगआउटशेजारच्या कठड्याला जाऊन उभं राहायचं. आजूबाजूला कमरेएवढी पोरं, हातात चेंडू. तुम्ही त्रेपन्न वर्षांचे, हातात बायंडर आणि निळं शार्पी मार्कर. लाजायचं नाही. वीस वर्षांच्या खेळाडूला बिनदिक्कत ‘सर’ म्हणायचं. एकच पथ्य पाळा: आपलं नाव सांगू नका. नुसत्या सहीला गिऱ्हाईक असतं, ‘अमक्याला सप्रेम’ लिहिलं की भाव उतरतो.

गेल्या जूनमध्ये मी एका डावखुऱ्यापुढे त्याचीच तीन कार्डं एकदम धरली. त्याने कार्डांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि नाव विचारलं. म्हटलं, नाव नको, नुसती सही पुरे. तो म्हणाला, छे छे, इतक्या जिव्हाळ्याच्या चाहत्याचं नाव हवंच. मी ऑफिसातून थेट आलो होतो, ओळखपत्र गळ्यातच होतं. त्याने ते कठड्यावरून ओढून जवळ घेतलं आणि ‘टू पुरुषोत्तम’ असं लिहिलं. इंग्रजीत अकरा अक्षरं, एकही चूक नाही, तिन्ही कार्डांवर, स्वतःच्या तोंडावरून आडवी. मग शेजारच्या पोराच्या चेंडूवर नुसती सही केली.

तो आता ट्रिपल-एला आहे आणि सुरेख टाकतोय. अमेरिकेत कार्डं जमवणारा दुसरा कोणी पुरुषोत्तम तुमच्या पाहण्यात असेल तर सांगा. भावाचं आम्ही आपसात बघू.