पाऊस सरासरीएवढाच पडतो, पण तो द्राक्षबागेच्या कामाचा किती?

नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. सार असं: नाशिकला पाऊस आजही सरासरीएवढाच पडतो, निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांखाली जातो, मग तापमानवाढ कसली, हवेत कार्बन वाढला तर पिकं उलट जोमात येतील, आणि ज्याच्याकडे ठिबक नि शेततळं आहे त्याने हवामानाची काळजी सोडावी. प्रत्येक वाक्यात थोडं खरं आहे, त्यामुळे माणसं ते पुढे पाठवतात. नुकसान मात्र त्यावर विसंबून हंगामाचं नियोजन करणाऱ्याचं होतं, म्हणून हे सविस्तर उत्तर.

आधी सरासरी. इगतपुरीत वर्षाला 3,000 मिमीच्या आसपास पाऊस, येवला-नांदगावकडे जेमतेम 500. या दोन्हींची मिळून काढलेली सरासरी कोणाच्याच बांधावर पडत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाऊस पडतो कसा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे 4,000 लिटर पाणी. तीन तासांत 80 मिमी कोसळला तर एकरावर 3.2 लाख लिटर आलं. भारी काळी जमीन एकदा भिजली की तासाला 5 मिमीही मुश्किलीने पिते. म्हणजे फार तर 15 मिमी मुरला, उरलेलं 2.6 लाख लिटर वरची माती घेऊन नाल्याला गेलं. पर्जन्यमापकात नोंद 80 चीच होणार, आणि वर्षाअखेर ‘सरासरी गाठली’ असंच छापून येणार. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे मोठ्या सरी आणखी मोठ्या होतात. मध्य भारतात मोठ्या भूभागावर एकाच वेळी होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढल्याचं पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2017 साली दाखवलं. एकूण मोसमी पाऊस न वाढता हे घडलं, हे त्यातलं कळीचं.

पाऊस कधी येतो, हा प्रश्न तर त्या मजकुरात नाहीच. द्राक्षाला नेमका तोच नडतो. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे डोळे नुकते फुटताना, पाऊस नि ढगाळ हवा राहिली तर घड जिरतात, म्हणजे कोवळा घड विरून जातो. फुलोऱ्यात पाणी साचलं तर गळ आणि कुज होते. पानं काही तास ओली आणि तापमान 18 ते 25 अंशांत, एवढं मिळालं की डाउनी हा बुरशीचा रोग हातात राहत नाही. फवारलेलं औषध पुढची सर धुऊन नेते आणि चिखलात ट्रॅक्टर जात नाही. मण्यांत पाणी उतरल्यावर, म्हणजे ते पिकायला लागल्यावर, पाऊस आला तर मणी तडकतात. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस लांबला, 26 नोव्हेंबर 2023 ला गारपीट झाली, दोन्ही वेळा बागा अशाच नाजूक अवस्थेत सापडल्या. आणि मे 2025 चा पाऊस आला तो खरड छाटणीनंतर, म्हणजे फळं निघाल्यावर नव्या काडीसाठी उन्हाळ्यात करतात त्या छाटणीनंतर. त्या काडीच्या डोळ्यात पुढच्या वर्षीचा घड साधारण 40 ते 60 दिवसांत तयार होतो. त्याला लख्ख ऊन आणि पाण्याचा थोडा ताण लागतो. ढग राहिले, मुळाशी ओल राहिली की वेल नुसता शेंडा वाढवत राहतो आणि डोळा वांझ, म्हणजे बिनघडाचा, निघतो. म्हणजे मेमधल्या पावसाचा हिशेब ऑक्टोबरात होतो. कांद्याचंही तसंच: माना पडल्यावर (पात आडवी झाल्यावर), काढणीच्या तोंडावर भिजलेला उन्हाळ कांदा चाळीत टिकत नाही, मानेपासून सडतो.

यातली प्रत्येक गारपीट हवामान बदलानेच झाली, असं कोणी म्हणत असेल तर तेही चूक. एका घटनेवरून हवामान बदल ना सिद्ध होतो, ना खोटा ठरतो. निफाडच्या थंडीलाही हाच न्याय लावायला हवा. उत्तरेकडून कोरडे वारे आले की पारा उतरणारच. तापमानवाढ म्हणजे अनेक दशकांची सरासरी वर सरकणं. थंडीत वेलीला त्रास होतो तो दिवस-रात्रीच्या तापमानातल्या तफावतीचा. किमान तापमान 10 अंशांखाली गेलं की मण्याची फुगवण थांबते आणि पांढऱ्या वाणांत गुलाबी मणी निघतात.

कार्बनचं थोडक्यात. द्राक्ष, कांदा, गहू, सोयाबीन यांना वाढीव कार्बन डायऑक्साइडचा काही फायदा होतो, मका-बाजरीला जवळजवळ नाही. पण तो फायदा पाणी आणि तापमान बेताचं असेल तेव्हाचा. पारा 35 च्या वर गेला की द्राक्षाच्या पानाचं अन्न बनवणंच मंदावतं.

आता ठिबक. ते लावाच, पण हवेची तहान त्याने कमी होत नाही. 9 × 5 फुटांवर एकरी 968 वेली बसतात. वेलीला ताशी 4 लिटरचे दोन ड्रिपर (पाणी ठिबकणारी तोंडं) म्हणजे तासाला सुमारे 7,750 लिटर. उन्हाळ्यात रोजचं बाष्पीभवन 8 मिमी धरलं आणि त्याच्या 40 टक्के पाणी द्यायचं ठरवलं तर एकरी 13,000 लिटर, म्हणजे 1 तास 40 मिनिटं. बाष्पीभवन 10 मिमी झालं की 16,000 लिटर, दोन तासांच्या वर. विहीर तीच, पंपाला लागणाऱ्या थ्री फेज विजेची वेळ तीच. त्यात ड्रिपर क्षाराने चोंदले तर ओळीच्या शेवटच्या वेली आधी सुकतात. पहिल्या आणि शेवटच्या वेलीखाली 15 मिनिटं डबा ठेवून पाहा: एका ड्रिपरचं 1 लिटर भरायला हवं. शेवटी 700 मिली भरत असेल तर त्या वेलींना रोज 30 टक्के पाणी कमी पडतंय. मग लॅटरलची (ओळीतल्या ठिबक नळ्यांची) टोकं उघडून धुवा, तरी सुधारलं नाही तर क्षार विरघळवणारी ॲसिड प्रक्रिया करा.

शेततळ्याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतं. 30 × 30 × 3 मीटरच्या, 1:1 उताराच्या तळ्यात साधारण 22 लाख लिटर मावतं. प्लॅस्टिक झिरपा थांबवतं, वाफ नाही. पूर्ण भरलेल्या तळ्यावरून 8 मिमीच्या दिवशी 7,200 लिटर उडतात, म्हणजे एकरभर बागेच्या रोजच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त. फेब्रुवारी ते मे, पातळी घटत जाते हे धरूनही पाच लाख लिटरच्या पुढे जातं. जानेवारीत बोअरचं पाणी उपसून तळं भरणं म्हणजे सावलीतलं पाणी उन्हात आणून ठेवणं. तळं पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यावर भरावं, नवीन खोदायचं तर पसरट न करता खोल करावं आणि उन्हाळ्यात आधी तळ्यातलं पाणी संपवून विहिरीचं मागे ठेवावं. अडचण एकच: तुम्ही विहिरीत राखलेलं पाणी शेजारचा बोअर ओढतो. त्यामुळे हा क्रम एकट्याने पाळून भागत नाही, शिवारातल्या सगळ्यांनी मिळून ठरवावा लागतो.