क्लोनचे केस कोण कापतो?

किशोरांसाठी क्लोनची विज्ञानकथा लिहायला बसलं की पहिला छळ काचेच्या नळकांड्याचा. निळसर पाणी, बुडबुडे आणि आत सोळा वर्षांचा पोरगा, तोही केस नीट कापलेला! कुणी कापले, हे विचारायचं नाही.

मी विचारतो, तिथेच कथा अडते. अंडपेशीतलं केंद्रक काढा, अंगातल्या साध्या पेशीचं केंद्रक आत सरकवा, विजेचा हलका झटका द्या, इथवर ठीक. पुढे गर्भाशय लागतंच, म्हणजे नऊ महिने, आणि नंतरची सोळा वर्षं कुणी सूट देत नाही. खलनायकाने आपलं हृदय बदलायला क्लोन हवा म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी पेशी दिली, तर सोळा वर्षांचं सुटं हृदय तयार होईतो साहेब बासष्टीला टेकलेले. त्यातून 1996 मधल्या डॉली या क्लोन मेंढीचा हिशेब बघा: 277 अंडपेशी जोडल्या, 29 भ्रूण टिकले, 13 मेंढ्यांच्या पोटात सोडले, कोकरू एक. आमचा शास्त्रज्ञ मात्र रविवारी दुपारी चाळीस पोरं काढतो. भज्यांचा घाणाच जणू!

बरं, ती हुबेहूब असतात म्हणावं, तर टेक्सासमध्ये 2001 साली तिरंगी मांजरीचा क्लोन केला, त्यात नारिंगी रंगच उतरला नाही. नारिंगीचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि घेतलेल्या पेशीत दोन एक्सपैकी नेमका तोच झोपलेला, म्हणजे बंद होता. आपल्याकडे हापूसचं कलम म्हणजे क्लोनच की. पण देवगडची आणि रत्नागिरीची चव एकच, असं कोकणात म्हणून बघा. कुणी पाणी विचारणार नाही.

खरा घाम भावनांपाशी फुटतो. तिसऱ्या प्रकरणात क्रमांक सतरा नावाचा क्लोन सूर्योदय बघतो आणि पुटपुटतो, ‘हे मला काय होतंय?’ अरे, तू उशिरा जन्मलेला जुळा भाऊ! जन्मतःच ट्यॅहां केलंस, भावना तेव्हाच आल्या. तुला शिकवले नाहीत ते त्यांचे शब्द. ‘राग’ हा शब्दच न ऐकलेला मुलगा ‘मला राग आला’ कसं म्हणेल? त्याचे कान तापतील, घास फिरेल. आणि सुरुवात प्रेमाने करू नये, ते महागात पडतं. मत्सर स्वस्त आणि खात्रीचा.

म्हणून मी त्याला जेवायला बसवतो. सगळ्यांना सारखंच ताट. सतरा शेजारच्या क्रमांक सोळाच्या वाटीतल्या बटाट्याच्या फोडी मोजतो. चार. आपल्या वाटीत तीन. पुन्हा मोजतो. तीनच. त्या रात्री तो सोळाचा कंगवा आपल्या गादीखाली सारतो आणि का सारला हे न कळून जागा राहतो.

जमलं, म्हणेपर्यंत कंगवा आडवा येतो. कंगवा आहे म्हणजे केस वाढतात, केस वाढतात म्हणजे न्हावी हवा. त्या कडेकोट इमारतीत दर महिन्याला बाहेरून एक न्हावी आणावा लागतो. चाळीस सारख्या डोक्यांतला कुणाचा भोवरा कुठल्या बाजूला, हे ओळखणारा तो एकटाच. आणि न्हावी आला म्हणजे गप्प थोडाच बसणार? दोन प्रकरणं झाली, अजून सतराची अर्धीच हजामत झाली आहे.