‘फक्त डबल्स’ म्हणणाऱ्यांसाठी, म्हणजे माझ्यासाठीही

टेनिसपटू सानिया मिर्झाचा विषय निघाला की आमच्या नांदेडच्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : “डबल्सची खेळाडू हो ती, सिंगल्समध्ये काही जमलं नाही तिला.” हे वाक्य मी स्वतःही बरीच वर्षे वापरले आहे, तेव्हा आज ते मागे घेण्याचे कामही मलाच करावे लागेल.

एकेरीत काही जमले नाही, हे मुळातच खोटे आहे. २००५ साली, अठरा वर्षांची असताना, तिने हैदराबादला डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिसची संघटना) स्पर्धा जिंकली आणि असे एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी तिने दुबईत अमेरिकन ओपनची तेव्हाची विजेती स्वेतलाना कुझ्नेत्सोव्हा हिला हरवले. २००७ मध्ये ती एकेरीच्या क्रमवारीत २७व्या स्थानी पोहोचली. त्या स्थानापर्यंत दुसरी भारतीय महिला अजून गेलेली नाही. दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, रात्रीच्या गाडीने हैदराबाद गाठणाऱ्या आम्हा लोकांना तो विजय शेजारच्या घरातला वाटला होता. आमच्या क्लबच्या मुरमाच्या कोर्टवर, जिथे सकाळी पाणी मारून ओढलेल्या चुन्याच्या रेषा नऊ वाजेपर्यंत पुसून जात, त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा तीन मुली रॅकेट घेऊन आल्या. (सानियाच्या स्कर्टच्या लांबीची चर्चा करणारेही आले होते, त्यांच्याविषयी काय लिहायचे!)

तिचा फोरहँड, म्हणजे तळहात पुढे ठेवून मारलेला फटका, मनगटाच्या झटक्यावर चालायचा आणि नेमके मनगटच दुखावले. २००८ मध्ये शस्त्रक्रिया झाली, गुडघेही कुरकुरतच होते, आणि अखेर २०१३ मध्ये तिने एकेरी सोडली. याला आपण माघार म्हणालो. वास्तविक, पळून मैदान व्यापण्याचा भार अर्धा झाला की उरलेले बळ त्या एका फटक्यात ओतता येते, हे तिने ओळखले होते. दुहेरीत तिची स्विस जोडीदार मार्टिना हिंगिस जाळ्याजवळ उभी राहून कोन शोधणार आणि सानिया मागून प्रतिस्पर्ध्यांना फोरहँडने दाबून धरणार, अशी ती वाटणी होती.

२०१५ च्या विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात माकारोव्हा आणि वेस्निना यांच्याविरुद्ध ही जोडी तिसऱ्या सेटमध्ये २-५ अशी मागे होती. तिथून ५-५ झाले, अंधार पडत आला म्हणून खेळ थांबवून छत बंद केले, दिवे लागले, आणि नंतरचे दोन्ही गेम या दोघींनी घेतले. ५-७, ७-६, ७-५. त्याआधी एप्रिलमध्येच सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर आली होती आणि पुढे या जोडीने सलग ४१ सामने जिंकले. एकूण सहा ग्रँड स्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धा) विजेतेपदे, तीन महिला दुहेरीची आणि तीन मिश्र दुहेरीची. क्रिकेटमध्ये भागीदारीचे कौतुक करताना न थकणाऱ्या आपल्या समाजाला टेनिसमधली भागीदारी दुय्यम का वाटावी, हे मला आजही उमगत नाही.

आई झाल्यानंतर २०२० मध्ये परतताच तिने होबार्टची दुहेरी जिंकली. २००५ मध्ये मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सकडून हरलेली ती मुलगी २०२३ मध्ये त्याच मेलबर्नला आपली शेवटची ग्रँड स्लॅम खेळली. चौदाव्या वर्षी मिश्र दुहेरीत जो तिचा पहिला जोडीदार होता, तो रोहन बोपण्णाच शेजारी होता. दोघे अंतिम फेरीपर्यंत गेले आणि हरले. बोलताना तिचा गळा दाटून आला, आणि लहानगा मुलगा प्रेक्षकांत बसून ते पाहत होता.