दहा बाय दहाच्या खोलीत आठ इंची स्पीकर नकोत

घरच्या स्टुडिओसाठी स्पीकर निवडण्यावरच्या लेखात ‘बजेट असेल तर थेट आठ इंची मॉनिटर घ्या’ असं सुचवलंय (मॉनिटर म्हणजे गाणं मिक्स करताना ऐकायचे स्पीकर, इंच हे त्यांच्या मोठ्या कोनाचं माप). घोडबंदर रोड किंवा खारघरच्या फ्लॅटमधल्या बेडरूमसाठी हे पटत नाही. 10 फुटांवरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झला आवाज घुमतो. बेस गिटारची मोकळी ए तार 55 हर्ट्झची. म्हणजे भिंतीला टेकून ऐकलं तर तो सूर फुगलेला आणि खोलीच्या बरोबर मध्यावर बसलं तर जवळजवळ गायब! मग मिक्समध्ये, म्हणजे वाद्यांचे आवाज जुळवताना, बेस भरमसाट वाढवला जातो आणि तेच गाणं गाडीत लावलं की नुसता गडगडाट. आठ इंचीचा बेस जास्त, त्याने हे आणखी चिघळतं, शिवाय स्लायडिंग खिडकी थरथरते ती वेगळीच. खुर्ची मध्यापासून फूटभर तरी पुढेमागे सरकवा.

यामाहाच्या एचएस5 सारखे पाच इंची पुरेत, रोज गाणी ऐकायलाही. पोर्ट (हवा बाहेर पडायचं भोक) मागे आहे, भिंतीला चिकटवू नका. जागाच नसेल तर मागचा रूम कंट्रोल (बेस कमी करायचा स्विच) -2 किंवा -4 डेसिबलवर न्या. ट्वीटर (उंच सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला, आणि दोन मॉनिटर व डोकं यांचा समभुज त्रिकोण, बाजू साधारण साडेतीन फूट.

लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून साध्या वायरने जोडलं तर चार्जर लावताच बऱ्याचदा गुणगुण सुरू होते. ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपला जोडायचं बाहेरचं साउंड कार्ड) घ्या, बॅलन्स्ड टीआरएस केबल (अशी गुणगुण रोखणारी) वापरा आणि सगळं अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डवर लावा. चालू करताना मॉनिटर सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.