मोत्याचे बोंबील आणि सोसायटीचं नाक

गेल्या आठवड्यात आमच्या नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या सोसायटी ग्रुपवर मेसेज पडला, "घरात सुकी मासळी भाजू नये, लिफ्टपर्यंत वास येतो." नाव लिहिलं नव्हतं. पण सकाळी साडेसहाला बोंबील भाजणारं घर आमच्या मजल्यावर एकच, आमचं, आणि तेही माणसांसाठी नाही, आमच्या कुत्र्यासाठी, मोत्यासाठी.

याच ग्रुपवर दोन दिवस आधी कुणीतरी आपल्या लॅब्राडॉरसाठी मागवलेल्या 'नॅचरल ड्राइड फिश ट्रीट'चा फोटो टाकला होता. 70 ग्रॅमला साडेतीनशे रुपये. खाली बदामांचा पाऊस. पाकिटातून आली की ट्रीट, माझ्या तव्यावर आली की घाण!

तर कुत्र्याला सुकी मासळी जरूर द्या. भरपूर प्रोटीन, मैदा-साखर नाही, आणि तारली-बांगड्यासारख्या तेलकट माशात ओमेगा-3 असतं. पण 'नॅचरल' शब्दावर भाळू नका. मीठसुद्धा नॅचरलच असतं.

हे मी अनुभवाने सांगतेय. दोन वर्षांपूर्वी मी ओट्यावर खाऱ्या बांगड्याची पिशवी उघडी ठेवून आंघोळीला गेले. परत येते तो पिशवी चाटूनपुसून साफ. मोत्या रात्रभर पाणी पीत होता, ओकत होता, पुन्हा पीत होता. पहाटे डॉक्टरांकडे पळालो. सलाइन लागलं, वाचला. जास्त मीठ पोटात गेलं तर कुत्रं अडखळायला लागतं, फिट येऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. तशी पाळी आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

त्यानंतर दिवाळे गावच्या बाजारात नेहमीच्या मावशींना विचारलं. त्यांनी खाऱ्याची टोपली पायाने मागे सारली आणि बोंबलाची जुडी माझ्या हातात ठेवली. "कुत्र्याला ना? मग हा घे. याला मीठ नसतं."

खरंच आहे ते. बोंबील साधारणपणे बिनमिठाचाच सुकवतात. दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून वलांडीवर, म्हणजे काठ्या-दोऱ्यांच्या उंच मांडवावर टांगायचे, बाकी काम ऊन-वारा करतो. उंच टांगलेला असल्यामुळे वाळूही कमी. जवळा जमिनीवर पसरून सुकवला असेल तर दाताखाली कचकच येते, म्हणून तो मी मोत्याला देतच नाही. तरी दरवेळी एक तुकडा जिभेला लावून बघते. (हो, कच्चाच. नवरा तोंड फिरवतो.) खारट लागला तर तो आमच्या कालवणात.

उन्हात सुकलेला मासा शिजलेला नसतो, म्हणून डोकं-शेपूट कात्रीने उडवायचं, धुऊन पुसायचं आणि मंद आचेवर कुरकुरीत भाजायचं. तेल नाही, तिखट नाही. आणि आमच्या चटणीतला लसूण-कांदा तर अजिबात नाही, तो कुत्र्याला विषच. काटा मऊ असला तरी बोटभर तुकडे करून देते, कारण मोत्या चावत नाही, गिळतो. दिवसाला दोन तुकडे, बस. खाऊ म्हणजे दिवसभराच्या उष्मांकातला जास्तीत जास्त 10 टक्के, जेवण वेगळं. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या कुत्र्याला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक तुकडाही नको.

वासाचं म्हणाल, तर आता खिडकी उघडून, एक्झॉस्ट लावून भाजते. याहून जास्त जमणार नाही. ही जमीन मुळात आगरी-कोळ्यांची, इथे मासळीच्या वासाला नाक मुरडणारेच नंतर आले.

1 जूनपासून मासेमारी बंद व्हायच्या आधी आगोटीची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीची खरेदी केली, तेव्हा बोंबलांचे दोन डबे भरले. लाल झाकणाचा मोत्याचा, निळ्या झाकणाचा आमचा. परवा बघते तर लाल डबा अर्धा रिकामा. मोत्याकडे पाहिलं, तो बिचारा झोपलेला. आतून नवऱ्याचा आवाज, "अगं, चटणी मस्त झालीय, पण मीठ कमी पडलं."