‘हम्मा हम्मा’ची चाल रेमो यांची नव्हे

गेल्या आठवड्यापासून आमच्या गावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘हम्मा हम्मा हे गाणं गोव्यातल्या शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी रचलं आणि रहमानने ते आपल्या नावावर खपवलं.’ तिसऱ्यांदा आला तेव्हा मी कपाटातली, हे गाणं असलेल्या ‘बॉम्बे’ सिनेमाची जुनी कॅसेट काढली. कव्हरचा कागद घडीवर फाटलाय, पण अक्षरं शाबूत आहेत. संगीत ए. आर. रहमान, गीत मेहबूब, आणि रेमो यांचं नाव गायक म्हणून.

मणिरत्नम यांचा हा सिनेमा मुळात तमिळ, १९९५चा. तमिळमध्ये हेच गाणं ‘अंद अरबी कडलोरम’ या शब्दांनी आहे आणि तिथे आवाज खुद्द रहमान यांचा आहे. चाल तीच, रेमो त्यात नाहीत. हिंदीसाठी त्यांना गायला बोलावलं गेलं. २०१७ला ‘ओके जानू’त गाणं नव्याने आलं, तेव्हाही मूळ संगीतकार म्हणून नाव रहमान यांचंच होतं.

रेमो यांचा वाटा यामुळे कमी होत नाही. तो खर्जातला, किंचित खरबरीत आवाज काढून टाकला तर हिंदी ‘हम्मा’ उभंच राहणार नाही, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी स्वतः रचलेली गाणी हवी असतील तर १९८६चा ‘पॅक दॅट स्मॅक’ हा अल्बम ऐका.

रेमो यांचा अभिमान आपल्या सगळ्यांनाच आहे, पण यात दुसऱ्या कलाकारावर चोरीचा आळ येतो. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.